‘निर्वंश’ कोणाला म्हणावे?

विचारणा

आमच्या आत्याचे मागच्या महिन्यात निधन झाले. ती अविवाहित होती आणि तालुक्याच्या गावच्या शाळेत तिने तीसहून अधिक वर्षे गणित शिकवले. वर्तमानपत्रात द्यायच्या निधनवार्तेचा मजकूर लिहायला मी बसलो, तेव्हा ‘त्यांच्या पश्चात’ या शब्दांपाशी हात अडला, कारण पुढे मुलगा, सून, जावई, नातवंडे यांपैकी काहीच लिहिण्यासारखे नव्हते. जवळ बसलेले एक वडीलधारे नातलग हळहळून म्हणाले, “बिचारी निर्वंश गेली.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, तरी तो शब्द मला तेव्हापासून सलतो आहे. ‘निर्वंश’ आणि ‘निपुत्रिक’ हे समानार्थी शब्द आहेत का, आणि मूल असले म्हणजे माणूस मरणानंतरही उरतो ही समजूत आपल्या शब्दांतच रुजलेली आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर

हे दोन शब्द समानार्थी नाहीत, आणि त्यांना एकच मानल्यामुळे पुष्कळ माणसांवर अन्याय झालेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘निपुत्रिक’ या शब्दाचा अर्थ मर्यादित आहे. ज्याला पुत्र नाही तो निपुत्रिक, मग त्याला चार मुली का असेनात. ‘निर्वंश’ या शब्दाचा आवाका मात्र ‘वंश’ या शब्दाएवढा आहे. संस्कृतात वंश म्हणजे मुळात बांबू, आपला वेळू, आणि पेरावर पेर चढत जाते तशी पिढीवर पिढी, म्हणून कुळालाही तेच नाव मिळाले. पण ही पेरे केवळ जन्माचीच असतात असे जुन्या व्याकरणकारांनी मानलेले नाही. पाणिनीच्या ‘संख्या वंश्येन’ या सूत्रावर काशिकावृत्ती ही जुनी टीका सांगते की विद्येने किंवा जन्माने चालत आलेली एकाच लक्षणाची परंपरा म्हणजे वंश, आणि त्या वाक्यात विद्या जन्माच्या आधी आलेली आहे. बृहदारण्यक उपनिषदात ‘अथ वंशः’ अशी सुरुवात करून ज्या लांबलचक नामावळ्या दिल्या आहेत, त्या तर बापलेकांच्या नसून गुरुशिष्यांच्या आहेत. त्यांतल्या सहाव्या अध्यायातल्या नामावळीत बहुतेक आचार्यांची ओळख पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र, गौतमीपुत्र अशी आईच्या नावाने दिलेली आहे. ‘वंशाचा दिवा’ म्हणजे मुलगाच, असे आपण ज्या ठामपणे बोलतो, त्या ठामपणाला या नामावळीत आधार सापडत नाही.

‘संतती’ या शब्दाचेही असेच आहे. ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरणे. याच धातूपासून तंतू आला, तनय आला, संतत आणि सातत्यही आले. संतती म्हणजे न तुटता पसरत जाणे. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू ‘प्रजातन्तुं मा व्यवच्छेत्सीः’ असे बजावतो, म्हणजे प्रजेचा धागा तोडू नकोस. धाग्याची ही प्रतिमा फार नेमकी आहे, कारण सूत लांबत जाते ते पिंजलेल्या कापसाचा नवा पेळू जोडून, पहिला पेळू पुढे जात नाही. ‘अपत्य’ या शब्दाची यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तींच्या प्राचीन ग्रंथात, दिलेली एक व्युत्पत्तीही याच धाग्याकडे नेते: ‘अपततं भवति’, जे आपल्यापासून दूर पसरते ते अपत्य. आजचे भाषाभ्यासक ती मानत नाहीत, ते ‘नित्य’ या शब्दाप्रमाणे ‘अप’ला ‘त्य’ हा प्रत्यय लागला असे सांगतात. पण दूर जाण्याचा अर्थ ‘अप’मुळे त्यांच्या मांडणीतही टिकतोच.

आता समजुतीविषयी. ती आहे, आणि फार जुनी आहे. ‘प्रजाभिरग्ने अमृतत्वमश्याम्’, म्हणजे हे अग्नी, आम्ही प्रजेच्या योगे अमर व्हावे, ही प्रार्थना ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात आहे. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात पुत्रहीन हरिश्चंद्राला नारद याहून पुढचे सांगतो: पती गर्भरूपाने पत्नीत प्रवेश करतो आणि दहाव्या महिन्यात पुन्हा नवा होऊन जन्मतो, म्हणूनच तिला ‘जाया’ म्हणायचे. स्वतःच पुन्हा जन्मणे ही कल्पना इतक्या उघडपणे एका शब्दावर लादलेली मी तरी दुसरीकडे वाचलेली नाही.

ज्यांना नारदाचे हे श्लोक प्रमाण वाटतात, त्यांनी तिथे न थांबता ती कथा शेवटपर्यंत वाचावी. हरिश्चंद्राला वरुणाच्या कृपेने रोहित होतो, पण त्याचाच बळी देण्याचे वचन बापाने आधी देऊन ठेवलेले असते. रोहित रानात निघून जातो. तिथे त्याला भुकेने गांजलेला अजीगर्त भेटतो, आणि तो आपला मधला मुलगा शुनःशेप शंभर गायींना विकतो, पुढे त्याला यूपाला, म्हणजे यज्ञातल्या बळीच्या खांबाला, बांधण्यासाठी शंभर आणि मारण्यासाठी आणखी शंभर गायी मागतो. देवांच्या स्तुतीने शुनःशेप सुटतो आणि विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसतो. जन्मदाता परत बोलावतो, तरी जात नाही. विश्वामित्र त्याला देवरात या नावाने आपला ज्येष्ठ पुत्र मानतो. ‘पुत्र म्हणजे आपणच पुन्हा’ या श्लोकाने सुरू झालेल्या कथेत शेवटी मुलगा ज्याचा होतो, त्याच्याशी त्याचे जन्माचे नाते नाही. मला ही कथा त्या श्लोकाहून अधिक खरी वाटते.

पुन्हा विचारणा

मनापासून आभार. एक शंका राहते. आपल्याकडे ‘नाव चालवणे’ असा वाक्प्रचार आहे. ग्रंथांतले अर्थ काहीही असले तरी लोकांच्या मनात निदान नाव तरी मुलांमुळेच टिकते ना?

उत्तर

टिकते, पण किती काळ, हे आपल्याच रूढींनी ठरवून ठेवले आहे. श्राद्धात नाव घेऊन पिंड दिला जातो तो पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांना. सपिंडीकरण, म्हणजे मृताला पितरांत मिळवण्याचा विधी, होऊन नवा मृत या रांगेत आला की पणजोबांच्या मागचा पुरुष नावानिशी उल्लेखातून बाहेर पडतो. नात्यांच्या शब्दांकडे पाहिले तर मराठी आणखी एक पायरी पुढे जाऊन खापरपणजोबांपर्यंत पोहोचते, आणि त्यापलीकडे आपण बहुधा सर्वांनाच सरसकट ‘पूर्वज’ म्हणून मोकळे होतो. शरीराचा हिशेबही फारसा निराळा नाही. मुलात आपला निम्मा वारसा, नातवात सरासरीने चौथा हिस्सा, पणतवात आठवा, खापरपणतवात सोळावा.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आपल्याकडे पेशव्यांच्या घराण्यातही दिसते. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. पण सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही ही रीतही त्याच समाजातली, त्यामुळे अशा नातवाला घरात दुसऱ्याच नावाने हाक मारली जाई. जे नाव चालवायचे, तेच तोंडाने घ्यायचे नाही, असा तो प्रकार होता.

याउलट निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई या चौघांपैकी कोणालाही मूल नव्हते. ज्ञानदेवांनी 1296 साली आळंदीला समाधी घेतली, आणि आजही वारकरी त्यांना ‘माउली’ म्हणून हाक मारतात. ज्यांना अपत्य नव्हते त्यांना सातशे वर्षांनंतरही लाखो माणसे आई म्हणतात, तेव्हा ‘निर्वंश’ हा शब्द वापरण्यापूर्वी आपण निदान थांबावे.

तुमच्या मजकुराविषयी इतकेच सुचवतो की ‘पश्चात’ या शब्दात अपत्याची अट नाही, आणि वाक्याच्या शेवटी येणाऱ्या ‘परिवार’ या शब्दातही नाही. परिवार म्हणजे भोवती असणारी माणसे. आत्याबाईंच्या भोवती जी होती, ती लिहावीत.

विचारणाऱ्याकडून

निधनवार्ता पाठवायची राहूनच गेली होती. आता वर्षश्राद्धाच्या वेळी द्यायच्या मजकुरात हे वाक्य घालायचे ठरवले आहे: ‘त्यांच्या पश्चात भाऊ, भावजय, भाचरे आणि शाळेतील विद्यार्थी असा मोठा परिवार आहे.’ ते नातलगांना वाचून दाखवले. त्यांनी ‘विद्यार्थी’ हा शब्द भाचरांच्या आधी घ्यायला सांगितला, आणि मी तो घेतला आहे.