लायबल, स्लँडर आणि अब्रुनुकसानी: फरक नेमका कुठे पडतो?

प्रश्नचिन्ह
इंग्रजी बातम्यांत कधी ‘लायबल’ असतं, कधी ‘डिफमेशन’. मराठीत दोन्हींना अब्रुनुकसानीच म्हणतात. लिहिलं की लायबल, बोललं की स्लँडर, इतकाच फरक आहे का? भारतात त्याने काही अडतं का? व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हॉइस मेसेज कशात धरायचा? आणि ‘खरं असेल तर केसच होत नाही’ हे कितपत बरोबर?

दिवाणी_कोपरा
डिफमेशन हे कुळाचं नाव, लायबल आणि स्लँडर या त्याच्या दोन शाखा. लेखी-तोंडी ही ढोबळ खूण झाली, खरी कसोटी टिकाऊपणाची आहे. लंडनच्या मादाम तुसाँमध्ये एका माणसाचा मेणाचा पुतळा भयदालनाजवळ (कुप्रसिद्ध गुन्हेगारांच्या पुतळ्यांच्या दालनाजवळ) उभा केला होता. पुतळाही लायबल ठरू शकतो, हे १८९४ सालीच तिथल्या न्यायालयाने मान्य केलं. रेडिओ-टीव्हीवरचं बोलणं तिथे कायद्यानेच लायबलमध्ये घातलंय, तोंडी असूनही.

हा भेद इंग्लंडमध्ये महत्त्वाचा का, तर लायबलमध्ये नुकसान गृहीत धरलं जायचं आणि स्लँडरमध्ये पैशात मोजता येईल असं नुकसान दाखवावं लागायचं (तुरुंगवास होऊ शकेल अशा गुन्ह्याचा आरोप किंवा धंद्या-पेशातल्या लायकीवर शिंतोडे, असे अपवाद सोडून). २०१३ च्या कायद्याने लायबलचं ते जुनं सुखही गेलं. आता प्रतिष्ठेला ‘गंभीर हानी’ झाली किंवा होण्याचा संभव आहे हे दाखवावंच लागतं, आणि नफ्यासाठी चालणारी कंपनी असेल तर गंभीर आर्थिक तोटा.

भारतात दिवाणी अब्रुनुकसानीचा वेगळा कायदाच नाही, सगळा निकालांवर उभा आहे. न्यायालयांनी बहुतेक वेळा हा भेद मानलेला नाही. गंमत म्हणजे १९६३ च्या मुदत कायद्यात तो अजून शिल्लक आहे: अनुच्छेद ७५ लायबलला, ७६ स्लँडरला. मुदत दोन्हीकडे एकच वर्ष. नुकसानभरपाईचे दावे इथेच जास्त बुडतात. नोटीस, तिचं उत्तर, मग समेटाची बोलणी यात दहा महिने जातात, आणि नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही.

कलम_३५६
फौजदारीत तर प्रश्नच मिटला. भारतीय दंड संहितेचं ४९९ आणि आता भारतीय न्याय संहितेचं ३५६, दोन्हींत बोललेले शब्द, लिहिलेले शब्द, खुणा, चित्रं सगळं एकाच वाक्यात येतं. १ जुलै २०२४ च्या आधीचं कृत्य असेल तर जुनंच कलम लागेल. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही; नव्या संहितेत समाजसेवेचाही पर्याय आलाय. हा गुन्हाच घटनाबाह्य ठरवावा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळली.

आता ‘खरं असेल तर’बद्दल. दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव आहे. फौजदारीत नाही! पहिला अपवाद नीट वाचा: आरोप खरा हवा आणि तो करणं लोकहिताचं हवं. एखाद्याचं जुनं खासगी प्रकरण खरं असलं तरी ते चव्हाट्यावर आणण्यात लोकहित कसलं, हे आरोपीलाच दाखवावं लागतं. असे एकूण दहा अपवाद आहेत. त्यातल्या बऱ्याच अपवादांत ‘सद्भावना’ लागते, आणि कायद्याच्या भाषेत सद्भावना म्हणजे मन स्वच्छ असणं नव्हे, पुरेशी काळजी घेऊन केलेलं काम. शहानिशा न करता छापलं की हा बचाव लंगडा पडतो.

आणि पोलीस ठाण्यात खेटे घालू नका. गुन्हा अदखलपात्र आहे. बाधित व्यक्तीने स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद करायची, मुदत तीन वर्षं.

पुरावाप्रेमी
व्हॉइस मेसेज साठून राहतो, पुन्हा ऐकता येतो, पुढे पाठवता येतो. म्हणून भेद करायचाच तर तो लायबलकडे झुकतो. पण आधी बघायचं ते ‘प्रसिद्धी’. फक्त तुम्हालाच पाठवलेला मेसेज कितीही घाण असो, तिसऱ्या कुणी ऐकला नाही तर अब्रुनुकसानी नाही. तिसरा माणूस एक असला तरी चालतो. नाव घेतलेलं नसेल तरी चालतं, ओळखणाऱ्याला ओळखता आलं की पुरे. उलट ‘सगळे वकील चोर’ म्हटल्यावर कुणा एका वकिलाला दावा लावता येत नाही.

दाव्यात मूळ शब्द जसेच्या तसे लिहा, ज्या भाषेत उच्चारले त्याच भाषेत. कुणासमोर, कुठल्या तारखेला हेही. ‘प्रतिवादीने वादीची घोर बदनामी केली’ एवढ्यावर वादपत्र टिकत नाही. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मूळ फोन जपा, चॅट डिलीट करू नका. छापील प्रत किंवा पेन ड्राइव्ह दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे तपासता येणारा तिचा सांकेतिक ठसा) त्यात द्यावी लागते.

प्रश्नचिन्ह
पोस्ट अजून ऑनलाइन असेल तर मुदत रोज नव्याने सुरू होते ना? आणि मृत व्यक्तीची बदनामी?

दिवाणी_कोपरा
नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलंय की पोस्ट नुसती तिथे असल्याने मुदत लांबत नाही, पहिल्या प्रसिद्धीपासूनच मोजायची. दुसऱ्या कुणी नव्याने फॉरवर्ड केली तर ती त्याची वेगळी प्रसिद्धी, आणि ‘फक्त फॉरवर्ड केलं’ हा बचाव नव्हे.

मृताचा दिवाणी दावा वारसांना लावता येत नाही, तो हक्क त्या व्यक्तीबरोबरच संपतो. फौजदारीत मात्र फिर्याद होऊ शकते, पण दोन्ही अटी हव्यात: ती व्यक्ती हयात असती तर तिच्या लौकिकाला बाध आला असता, आणि कुटुंबाच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखवण्याचा हेतू होता.