सेलिना यॉर्गबद्दल थोडी भर

कुणीतरी म्हटलंय की जर्मन स्नोबोर्डपटू यॉर्गची आठवण फक्त 'लेडेत्स्काकडून हरलेली' एवढीच राहते. मला हे अजिबात पटत नाही.

२०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये चेक एस्टर लेडेत्स्काने आधी स्कीइंगचं सुवर्ण जिंकलं आणि आठवड्याभरात स्नोबोर्डचंही, त्यामुळे सगळे कॅमेरे तिच्याकडे वळले, हे खरं. पण पॅरलल जायंट स्लॅलमच्या (दोघी शेजारशेजारच्या मार्गांवरून वळणं घेत उतरतात ती स्नोबोर्ड शर्यत) अंतिम फेरीत तिच्या शेजारच्या मार्गावरून उतरणारी यॉर्ग अर्ध्या सेकंदाच्या आतच मागे राहिली होती. कांस्यही जर्मनीच्याच रामोना होफमाइस्टरला मिळालं.

त्या रौप्याची किंमत कळायला २०१० पाहावं लागतं. व्हँकुव्हरला बाविशीतली यॉर्ग चौथी आली. पदकाच्या इतक्या जवळ जाऊन रिकाम्या हाताने परतायचं आणि पुढची आठ वर्षं त्याच उतारावर घासत राहायचं! या शर्यतीत टाळ्या मिळवणाऱ्या हवेतल्या कोलांट्या नसतात. कडक बूट, लांबट निमुळता बोर्ड, वळताना अंग इतकं कलतं की हात जवळजवळ बर्फाला टेकतो. बोर्डाची कड एकदा जरी सुटली, की फेरी गेलीच म्हणायची. बाद फेरीत सावरायला वेळच नसतो.

आणि रौप्यावर ती थांबली नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. २०१९ ला अमेरिकेतल्या पार्क सिटीत विश्वविजेती, २०२१ ला स्लोव्हेनियातल्या रोगलाला पुन्हा तेच. मग तेहतिसाव्या वर्षी, जगज्जेती असतानाच, तिने निवृत्ती घेतली.