एकाच रेषेवरून ढगाचे वस्तुमान कसे काढता?

आर्वी : धारणीकर भाऊंनी काल लिहिले की ताऱ्यांमधल्या रेणवीय ढगाचे, म्हणजे मुख्यतः हायड्रोजन रेणूंच्या थंड वायूचे, वस्तुमान काढायला साध्या सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) ११५ गिगाहर्ट्झची रेडिओ रेषा पुरेशी आहे आणि समस्थानिकांची, म्हणजे जड कार्बन किंवा ऑक्सिजन असलेल्या सीओची, उठाठेव म्हणजे वेळेचा अपव्यय आहे. हे मला मुळीच पटलेले नाही. दहा केल्व्हिनच्या थंडीत हायड्रोजनचा रेणू जवळजवळ मुका असतो, म्हणून दहा हजारांमागे जेमतेम एक असणाऱ्या सीओचा आपण आधार घेतो. पण ती रेषा इतकी अपारदर्शी होते की ढगाचा केवळ पुढचा पदर दिसतो. पौषातल्या धुक्यात आमच्या बांधावरून तुरीच्या दोन ओळींपलीकडे काही दिसत नसे, तेवढ्यावरून वडिलांनी कधी एकराचा अंदाज बांधला नाही. तेरा-सीओ, म्हणजे कार्बन-१३ असलेला सीओ, आपल्या परिसरात साठ-सत्तर पटींनी विरळ आहे, म्हणूनच त्याची ११०.२ गिगाहर्ट्झची रेषा आतून बाहेर पोहोचते.

धारणी : ताई, धुक्याचा दाखला येथे लागू पडत नाही. ढगातले गठ्ठे वेगवेगळ्या वेगाने फिरतात, त्यामुळे एकाची रेषा दुसऱ्याला पूर्णपणे झाकत नाही, आणि म्हणूनच सीओच्या रेषेच्या तेजावरून थेट हायड्रोजनचे प्रमाण देणारा एक्स-गुणक चालतो. शिवाय तुमचे साठ-सत्तर हे प्रमाण आकाशगंगेच्या केंद्राजवळ वीस-पंचवीसवर येते, सूर्यमालेत ८९ आहे. थंड वायूत कार्बन-१३ चे आयन सीओमध्ये शिरून ते आणखी बिघडवतात. तुमचा तराजूही हलतोच आहे.

मेहकर : तुम्ही दोघेही ढगाच्या दाट गाभ्याबद्दल बोलतच नाही, याचा मला राग येतो. पदव्युत्तर प्रकल्पात मी एका गर्द गाभ्याचा सी-अठरा-ओचा (ऑक्सिजन-१८ असलेल्या सीओचा) नकाशा अभ्यासला. मधोमध पोकळी दिसली, आणि तिथे वायू नाही असे लिहावे, असा मार्गदर्शकांचा आग्रह होता. मी सही केली, त्याची खंत आजही आहे. धुळीच्या नकाशात तीच जागा सर्वांत दाट होती! वीस केल्व्हिनखाली सीओ धूलिकणांवर गोठून बसतो, म्हणून रेषा विझते. बार्नार्ड ६८ या काळ्या ढगामध्ये हेच दिसले आहे.

आर्वी : म्हणजे समस्थानिक टाकून द्यावेत? गोठणे साध्या सीओलाही चुकत नाही. फरक एवढाच की साधी रेषा काठावरच अडते, त्यामुळे तिच्यावरून आतली पोकळी कळतच नाही. सी-अठरा-ओ नसता तर तुमची खंतही नसती.

मेहकर : हे मान्य करावे लागते. मात्र आत वस्तुमान किती, हे सी-अठरा-ओही सांगत नाही. त्यासाठी धूळ किंवा डायाझेनिलियम (नायट्रोजन-हायड्रोजनचा आयन) पाहावे लागते, कारण ते पुष्कळ उशिरापर्यंत टिकते.

धारणी : वाद माझ्या विधानावर होता, तुम्ही गोठण्यावरच अडकलात. दूरच्या दीर्घिकांत तेरा-सीओ इतका क्षीण असतो की एक्स-गुणकावाचून गत्यंतर नाही, हे मी सोडणार नाही. जवळच्या ढगांपुरता ‘वेळेचा अपव्यय’ हा शब्द मागे घेतो.

आर्वी : मग काठाचेही ऐका. तेथे साधा सीओ स्वतःच्या दाटीमुळे अतिनील किरणांपासून बचावतो, विरळ सी-अठरा-ओ मात्र फुटतो. त्यामुळे काठावर तुमचे म्हणणे टिकते, आत माझे.

धारणी : आणि या दोहोंची सीमा कोणत्या घनतेला आखायची, ते आधी ठरवा.