चौकोन रिकामा दिसला म्हणून काहीही नॉमिनेट करायचं का?

वाटाड्या (धागाकर्ता)

पोकेमॉन गोच्या आधी आलेल्या इन्ग्रेस या मोबाइल खेळाच्या दिवसांपासून मी खेळाच्या नकाशावर यावीत म्हणून खऱ्या जगातली ठिकाणं नॉमिनेट करतोय, म्हणजे सुचवतोय, आणि वेफेअरर या संकेतस्थळावर इतरांची नामांकनंही तपासतोय. परवा एका बैठकीत चाळीसेक तपासली. विजेची पेटी, दिशादर्शक पाटी, बागेतला चारचौघांसारखा बाक, पुन्हा तोच बाक दुसऱ्या बाजूने. हे कुठून येतं ते खेळणाऱ्यांना ठाऊक आहे. पोकेमॉन गोमध्ये पृथ्वीचे लहानमोठे चौकोन पाडणाऱ्या एस-टू जाळीच्या १७ व्या पातळीच्या एका चौकोनात एकच पोकेस्टॉप (खेळातल्या वस्तू मिळणारी जागा) किंवा जिम (लढतीची जागा) दिसतं. १४ व्या पातळीच्या मोठ्या चौकोनात २, ६ आणि २० ठिकाणं झाली की पहिली, दुसरी, तिसरी जिम मिळते. त्यामुळे सहावी जागा कसली आहे हे कुणी बघत नाही, ती सहावी आहे एवढ्यावर भागतं.

नियमांत तीन गोष्टी सांगितल्या आहेत: ठिकाण शोधायला, व्यायामाला किंवा लोकांना भेटायला उपयोगी असावं. माझी कसोटी त्याहून साधी आहे. खेळ बंद असताना मी इथे थांबलो असतो का? नसतो, तर मी नॉमिनेट करत नाही.

आणि नकाशावरची पिन सरकवणं तर मला अजिबात मान्य नाही. शेजारचा चौकोन रिकामा आहे म्हणून कारंज्याची पिन तीस मीटर लांब रोवायची आणि वर्णनात काही बोलायचं नाही. पाहायला आलेल्या माणसाला तिथे कारंजं सापडत नाही. ही फसवणूक आहे.

कोपरा

असहमत. पिनबद्दल नाही, कसोटीबद्दल.

ही कसोटी भरल्या घरची आहे. मुळात ठिकाणं आली कुठून ते आठवा. २०१२ मध्ये इन्ग्रेस आला तेव्हा ऐतिहासिक फलक आणि सार्वजनिक कलाकृतींच्या आयत्या याद्या वापरल्या गेल्या, मग खेळाडूंनी फोटो पाठवून भर घातली. सप्टेंबर २०१५ मध्ये नवी नामांकनं घेणंच थांबलं. २०१६ मध्ये पोकेमॉन गो आला तो त्याच साठ्यावर. म्हणजे तोवर जिथे इन्ग्रेस खेळणारे होते तिथे नकाशा गजबजलेला, जिथे नव्हते तिथे ओसाड. २०१९ च्या अखेरीस पोकेमॉन गो खेळणाऱ्यांना नामांकनाचा हक्क मिळाला, पण सुरुवातीला फक्त ४० व्या पातळीच्या लोकांना. त्यासाठी २ कोटी एक्सपी (खेळून मिळणारे अनुभवगुण) लागायचे. जवळ एकही स्टॉप नसलेल्या माणसाने ते कुठून जमवायचे? ज्याला ठिकाणाची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच हातात अर्ज नाही.

विरळ वस्तीत शिल्पं आणि कारंजी नसतात. पायवाटेच्या सुरुवातीची पाटी असते, एखादं छोटं मैदान असतं. तुम्ही ज्याला भरताड म्हणता ते तिथल्या माणसाचं रोजचं भेटीचं ठिकाण असतं. फोटोवरून पाच सेकंदांत ते कळत नाही.

दगडफूल

कोपरा, +१. पायवाटेच्या पाट्या नियमांत बसतात, तरीही त्या धडाधड नाकारल्या जाताना पाहिल्यात. नुसता डोंगर किंवा नुसतं झाड चालत नाही, पण त्याचं नाव सांगणारी पाटी असेल तर ती पाटी नॉमिनेट करता येते, हे तपासणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत आहे?

शांतपाणी

तुमचा दोघांचा वाद ठिकाण पुरेसं चांगलं आहे का, यावर चाललाय. मला वेगळंच विचारायचं आहे: तिथे आधीपासून जे लोक असतात, त्यांना विचारलं कुणी?

जुलै २०१६ मध्ये वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयाला आणि आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीला लोकांना सांगावं लागलं की इथे खेळू नका. हिरोशिमाच्या शांती उद्यानातले पोकेस्टॉप ६ ऑगस्टच्या स्मृतिदिनाआधी काढायला लावावे लागले. या जागा यादीत आल्या कारण त्या महत्त्वाच्या होत्या. वाटाड्यांची कसोटी त्या सहज पार करतात! खेळ बंद असतानाही माणूस तिथे थांबतोच. पण कशासाठी थांबतो?

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने गेलेल्या मुलीच्या आठवणीसाठी बागेत एक बाक ठेवला. काही महिन्यांत तो स्टॉप झाला. कुणी वाईट वागलं नाही. फक्त संध्याकाळी तिची आई तिथे बसायला गेली की आजूबाजूला फोन धरलेली माणसं उभी असायची. ती जायची बंद झाली. बाकावरच्या पाटीचा फोटो सुरेख आला होता, वर्णनही चांगलं लिहिलेलं होतं. तपासणाऱ्याला त्यात खोट काढायला जागाच नव्हती.

कोपरा

हे वाचून थांबलो. यावर माझ्याकडे उत्तर नाही. नावाच्या पाटीवरची तारीख अलीकडची असेल तर नॉमिनेट करू नये, हे मी मान्य करतो.

पण खासगी जागांबाबत काहीच झालं नाही असं नाही. अमेरिकेत घरमालकांनी खेळाच्या कंपनीवर, नायान्टिकवर, दावा लावला होता. २०१९ च्या तडजोडीनुसार स्वतंत्र घराच्या मालकाला ४० मीटरच्या आतलं ठिकाण काढायला सांगता येऊ लागलं.

शांतपाणी

घरमालकाला येतं. बाकावर बसणाऱ्या आईचं ते घर नव्हतं.

नांगरट

मी दोन्ही बाजूंना नाही म्हणतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये नायान्टिकने स्वतःच सांगितलं की खेळाडूंनी फोनने केलेल्या ठिकाणांच्या स्कॅनमधून ते जगाचं भौगोलिक मॉडेल घडवताहेत. मार्च २०२५ मध्ये खेळांचा व्यवसाय स्कोपलीला साडेतीन अब्ज डॉलरला विकायचा करार झाला. आपण उन्हात उभं राहून फोटो काढायचे, वर्णनं लिहायची, एकमेकांची फुकट तपासायची आणि मालमत्ता दुसऱ्याची. लहानसहान जागांची नोंद राहावी असं वाटतं ना? मग ती ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी घडवलेल्या खुल्या नकाशावर करा. ते सगळ्यांचं आहे, आणि पोकेमॉन गोचा नकाशाही डिसेंबर २०१७ पासून त्यावरच आला.

दगडफूल

आणि त्यानंतर ओपनस्ट्रीटमॅपवर काय झालं तेही सांगा. पोकेमॉन जास्त यावेत म्हणून लोकांनी नसलेल्या बागा आणि नसलेल्या पायवाटा काढल्या. तिथल्या स्वयंसेवकांना त्या पुसत बसावं लागलं. इथला हव्यास तिकडे नेऊन ठेवू नका.

स्कॅन मीही करत नाही. पण नामांकनात मला कंपनी दिसत नाही. भिंतीवरच्या एका चित्राचं वर्णन लिहायचं म्हणून ते काढणाऱ्या बाईंना शोधून काढलं, तासभर बोलले. पुढे भिंत रंगवली गेली, नियमाप्रमाणे ठिकाण काढावं म्हणून मीच कळवलं. तो तास माझाच राहिला.

वाटाड्या

कोपरा, पाट्यांच्या बाबतीत मी चुकत होतो. जिथे आजूबाजूला काहीच नाही तिथे छोटं मैदान हे भेटीचं ठिकाणच आहे. यापुढे मत देण्याआधी परिसराचा नकाशा उघडून बघेन. एकाच बागेतल्या सातव्या बाकाला मात्र माझा नकारच राहील.

शांतपाणी, माझ्या कसोटीत तुम्ही दाखवलेलं भोक खरं आहे. माझं एक नामांकन रांगेत आहे: तळ्याकाठचा दगडी ओटा, त्यावर एक नाव आणि चार वर्षांपूर्वीची तारीख. फोटो काढताना तिथे ताजी फुलं होती. ती चौकटीत येऊ नयेत म्हणून मी दोन पावलं डावीकडे सरकलो होतो, हे आत्ता आठवलं. नामांकन मागे घेतलंय.