मदत हवी: चढावर रेल प्रेशर पडतंय, कोड पी००८७. हाय प्रेशर पंप बदलायलाच हवा का?

भारवाहू:
मंडळी, मदत हवी आहे. चार सिलिंडरची कॉमन रेल (एकाच जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबाखाली साठवलेलं डिझेल सगळ्या इंजेक्टरांना मिळतं ती) डिझेल पिकअप आहे. टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही, हाय प्रेशर पंपाच्या पाठीवरचा गिअर पंपच टाकीतून डिझेल ओढतो. फिल्टर नवीन आहे.

रिकामी गाडी सपाट रस्त्यावर व्यवस्थित पळते. माल भरून चढाला लागलं आणि २५०० आरपीएमच्या वर नेली की ओढ जाते, चेक लाइट लागते आणि गाडी लिम्प मोडमध्ये (ताकद मुद्दाम कमी ठेवणाऱ्या अवस्थेत) जाते. बंद करून चालू केली की पुन्हा ठीक. काळा धूर नाही. शिवाय गरम इंजिन थोडा वेळ उभं राहिलं की सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. थंड असताना मात्र लगेच चालू होते.

स्कॅनरवर आयडलला मागणी ३०० बार, प्रत्यक्ष २९५ ते ३०५. चढावर मागणी १४५०, प्रत्यक्ष ९००च्या आसपास. हाय प्रेशर पंप बदला असं सांगितलं जातंय. त्याआधी काय तपासावं?

रेल१६००:
पंपाला अजून हात लावू नका. पी००८७ एवढंच सांगतो की रेलमध्ये मागितलं तेवढं प्रेशर बनत नाही. त्याची कारणं तीन: पंपापर्यंत डिझेल पुरेसं पोचत नाही, पोचतंय पण पुढे कुठेतरी रिटर्नला (टाकीकडे परतणाऱ्या नळीत) गळतंय, किंवा पंप खरोखर झिजलाय. तपासणीही याच क्रमाने करा. पंप सगळ्यात महाग आणि उकलायला सगळ्यात त्रासाचा, म्हणून शेवटी.

आधी सेन्सर खरं बोलतोय का ते पाहा. इंजिन काही वेळ बंद ठेवून नुसती चावी फिरवा. रेल प्रेशर शून्याजवळ दिसलं पाहिजे. पाच व्होल्टच्या नेहमीच्या सेन्सरवर सिग्नलच्या तारेला साधारण ०.५ व्होल्ट मिळतात. तिथे ४०-५० बार दिसत असतील तर सेन्सर किंवा वायरिंग आधी निस्तरा, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवे.

मग लाइव्ह डेटात मागणी, प्रत्यक्ष प्रेशर आणि मीटरिंग व्हॉल्व्हची (पंपात किती डिझेल शिरू द्यायचं ते हा ठरवतो) कमांड एकत्र रेकॉर्ड करा. चढावर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला सांगत असूनही प्रेशर खाली राहत असेल, तर पुरवठा, गळती किंवा झिजलेला पंप. आयडलला आकडे जुळतात म्हणजे सेन्सर आणि व्हॉल्व्ह बहुधा ठीक आहेत, पण आयडलला डिझेल लागतंच किती? खरी परीक्षा लोडवर.

गाडी चालू असताना हाय प्रेशर पाइपचा नट कधीही सैल करू नका आणि गळती हाताने चाचपू नका. त्या प्रेशरची बारीक धार कातडीतून आत जाते आणि वरून जखम क्षुल्लक दिसली तरी ती शस्त्रक्रियेची केस असते. संशय असेल तिथे पुठ्ठा धरा.

साधा_पाना:
तुमची ओढणारी सिस्टीम आहे, तेव्हा प्रेशर गेज नव्हे, व्हॅक्यूम गेज लागेल. टी (तीन तोंडांचा जोड) लावून दोन जागी मोजा: एकदा फिल्टर आणि पंपाच्या मध्ये, एकदा टाकी आणि फिल्टरच्या मध्ये. दोन आकड्यांतला फरक म्हणजे फिल्टरचा अडथळा. उरलेला अडथळा टाकीकडचा. उभ्या गाडीत ३००० आरपीएमला बघा, कारण गिअर पंपाची ओढ मुख्यतः आरपीएमवर ठरते. लोडवर बघायचं असेल तर गेज बाहेरून पुढच्या काचेवर टेपने चिकटवा, डिझेलची नळी केबिनमध्ये आणू नका. नेमकी मर्यादा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधून घ्या. साधारणपणे ०.१ ते ०.२ बार निरोगी, ०.३च्या वर गेलं की शोधायला लागायचं.

त्याच वेळी पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी घाला. बुडबुडे सतत येत असतील तर डिझेलला हवा धरतेय. फिल्टरची ओरिंग, हँडपंपाच्या कडा, क्विक कनेक्टर आणि चिरलेली रबरी नळी बघा. ओढणाऱ्या बाजूला हवा आत शिरते, डिझेल बाहेर येत नाही, म्हणून बाहेरून सगळं कोरडं दिसलं तरी फसू नका.

(टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्यांनी मात्र प्रेशर गेज लावायचा आणि पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज बघायचं. बॅटरीपेक्षा एखाद व्होल्टहून जास्त कमी असेल तर रिले, अर्थिंग आणि कनेक्टर आधी.)

भारवाहू:
मोजलं. चावी ऑन, रेल प्रेशर शून्य. ३००० आरपीएमला फिल्टरनंतर ०.४५ बार व्हॅक्यूम, फिल्टरआधी ०.३८. बुडबुडे नाहीत. चढावर मीटरिंग व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असतो.

साधा_पाना:
मग फिल्टरचा वाटा फक्त ०.०७, तो निर्दोष. अडथळा टाकीकडे आहे. टाकीचं झाकण उघडं ठेवून पुन्हा मोजा. आकडा लगेच उतरला तर टाकीची हवेची वाट बंद आहे. नाही उतरला तर टाकीतल्या पाइपच्या तोंडाची जाळी, किंवा चेपलेला पाइप. आतून सोललेली रबरी नळी हेही कारण असतं, ती बाहेरून धडधाकट दिसते आणि ओढ वाढली की आत मिटते.

फिल्टरकडची नळी काढून हलक्या हवेने टाकीकडे फुंका, झाकण उघडं ठेवूनच. त्यानंतर व्हॅक्यूम उतरलं आणि काही काळाने पुन्हा चढलं तर जाळीवर गाळ बसलाय हे पक्कं. फुंकणं हा इलाज समजू नका, गाळ टाकीतच राहतो. टाकी उतरवून धुवा. काळा चिकट थर निघाला तर पाण्यामुळे वाढलेले जंतू. तेव्हा नुसती जाळी धुऊन भागत नाही, टाकीतलं पाणी पूर्ण काढावं लागतं आणि नंतरचा एक फिल्टर लवकर बदलावा लागतो.

नोझलबेंच:
गरम असताना लांब सेल्फ लागतो, हे लक्षण जाळीने समजत नाही. त्याकडे दुर्लक्ष करू नका. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या इंजेक्टरमधून रिटर्नला जास्त निसटतं, आणि सेल्फच्या कमी आरपीएमवर पंप ती तूट भरू शकत नाही. बहुतेक गाड्यांत १५०-२०० बार बनल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. टाकीचं काम झालं की गरम इंजिनवर सेल्फ मारताना प्रेशर किती वेगाने चढतं ते स्कॅनरवर बघा.

भारवाहू:
टाकी उतरवली. जाळीवर काळा थर, अर्ध्याहून जास्त बंद. धुतल्यावर फिल्टरनंतर ०.१४ बार, चढावर प्रत्यक्ष १४३०-१४५०, लिम्प मोड गेला. पण गरम सेल्फ तसाच लांब, प्रेशर १२० बारवर रेंगाळतं.

नोझलबेंच:
आता रिटर्न टेस्ट. आधी इंजेक्टर सोलेनॉइडचे (विद्युतचुंबकाने उघडणारे) आहेत याची खात्री करा. काही पिएझो (विजेने फुगणाऱ्या स्फटिकाने उघडणाऱ्या) इंजेक्टरांना रिटर्नमध्ये दाब लागतो, त्यांची लाइन अशी उघडायची नाही. चारही इंजेक्टरांच्या रिटर्नला सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या नळ्या लावून चार मोजपात्रांत सोडा आणि मूळ रिटर्न लाइनचं तोंड बंद करा. इंजिन गरम हवं. दोन मिनिटं आयडल, मग एक मिनिट २५००. तीन इंजेक्टर २० मिलीच्या आसपास आणि एक ६० असेल तर दोषी समोर आहे. चारही सारखेच भरपूर सोडत असतील तर एकट्यादुकट्याला दोष न देता चारही बेंचवर (तपासणीच्या मशीनवर) पाठवा.

रेलच्या टोकाचा प्रेशर लिमिटर व्हॉल्व्हही (दाब फार वाढला तरच उघडणारा) बघा. त्याचा रिटर्न पाइप काढून उभ्या गाडीचं इंजिन चालू केलं तर तिथून डिझेल येताच कामा नये. जिथे ईसीयूच नियंत्रित करतो असा व्हॉल्व्ह रेलवर असतो, तिथे थोडं येणं नॉर्मल.

भारवाहू:
इंजेक्टर सोलेनॉइडचेच. रिटर्न १८, २२, ६५, २० मिली. लिमिटर कोरडा.

नोझलबेंच:
तिसरा इंजेक्टर. बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवा, बसण्याची जागा जुन्या काजळीपासून स्वच्छ, आणि नव्या इंजेक्टरच्या अंगावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरायचा. हाय प्रेशर पाइप शक्यतो नवा घ्या, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. उघडी तोंडं लगेच टोपीने झाका.

रेल१६००:
एवढं होऊनही प्रेशर कमी राहिलं असतं तरच पंप. तोही काढण्याआधी मीटरिंग व्हॉल्व्ह उघडून आत चकाकी, लोखंडाचा कीस आहे का बघतात. तसा कीस मिळाला तर नुसता नवा पंप लावणं म्हणजे तोही मारणं. मग रेल, इंजेक्टर, पाइप, टाकी, सगळंच स्वच्छ करावं किंवा बदलावं लागतं.

तुम्ही फिल्टरपासून पंपापर्यंत हँडपंपाने भरून, तो कडक झाल्यावरच सेल्फ मारा. एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त नको. पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, कोरडा फिरवला तर आज चांगला असलेला पंपही खराब होईल.