विदर्भात ऊन नेहमीचंच, मग त्यात माणसाचा हात किती हे ठरवतात कसं?

शाळा_ब्रह्मपुरी:
मी ब्रह्मपुरीत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. घरी सासरे म्हणतात, "नवतपा काय आता सुरू झाला? आमच्या लहानपणीही वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारतच दुपार काढायचो." ते खोटं नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर पूर्वीही तापायचंच. मग एखादी लाट आली की 'हवामान बदलामुळे' असं बातम्यांत येतं, ते कशाच्या जोरावर? मोजतात की नुसतं म्हणतात? मुलांना खरं उत्तर द्यायचंय, मोघम नको.

तापमापी:
ताई, सासऱ्यांचं बरोबर आहे. लाट माणसानं शोधून काढलेली नाही. एप्रिल-मेमध्ये वायव्येकडून कोरडा वारा येतो, वर जादा दाबाचं क्षेत्र ठाण मांडतं, हवा खाली उतरताना आणखी तापते, ढग धरत नाहीत. शंभर वर्षांपूर्वीही हे असंच व्हायचं. आता तेच सगळं मुळात जास्त तापलेल्या जगात होतं, एवढाच फरक. आणि तो लहान नाही.

वर्गातल्या प्रत्येकाला पाच गुण वाढवून द्या. सरासरी पाचनंच वाढेल, पण नव्वदच्या वर जाणारी मुलं कितीतरी पटीनं वाढतील. टोकाच्या उन्हाचं तसंच आहे. आयपीसीसीचा, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा, २०२१चा अहवाल सांगतो की औद्योगिक युगाआधी दहा वर्षांतून सरासरी एकदा यायची तशी टोकाची उष्णता जग १ अंशानं तापल्यावर तेवढ्याच दहा वर्षांत २.८ वेळा येते, २ अंशांनी तापलं तर ५.६ वेळा.

आता मोजणी. २०२२चा मार्च आठवा. १९०१पासूनच्या नोंदींत देशातला तेव्हापर्यंतचा सर्वांत गरम मार्च. 'वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन' या शास्त्रज्ञांच्या गटानं मार्च-एप्रिलची वायव्य भारत आणि दक्षिण पाकिस्तानातली तापमानं घेतली. मग नोंदी आणि संगणकावरची हवामान-प्रारूपं वापरून दोन जगांची तुलना केली: एक आजचं, दुसरं माणसानं हरितगृह वायू वाढवण्याआधीचं. अशी लाट आजही दुर्मीळ आहे, वर्षाला साधारण शंभरात एक शक्यता. पण माणसाच्या हस्तक्षेपामुळे ती शक्यता सुमारे ३० पट झाली, आणि तिची तीव्रता अंदाजे १ अंशानं वाढली, असं उत्तर आलं.

दाणाबाजार_इंदूर:
त्या वर्षी पंजाब-हरियाणाकडचा गहू हातात घेतला तर दाणा चिमटलेला, वजनाला हलका. दाणा भरायच्या वेळीच ऊन पडलं होतं. १३ मे २०२२ला सरकारनं गव्हाची निर्यात बंद केली. एक अंश म्हणजे काय, ते बाजारात कळतं.

कोरडा_प्रश्न:
पण भारतातला मे महिन्याचा उच्चांक तितका वाढलेला दिसत नाही, असंही वाचलंय. मग?

तापमापी:
चांगलं विचारलंत. १९ मे २०१६ला राजस्थानात फलोदीला ५१ अंश नोंदले गेले, देशातला विक्रम. त्याचाही असाच अभ्यास झाला, २०१८ साली छापून आला. दिल्ली आयआयटीचे कृष्णा अच्युतराव त्यातही होते, २०२२च्या अभ्यासातही. उत्तर काय आलं? वर्षातल्या सर्वांत गरम दिवसाच्या तापमानात १९७०च्या दशकापासून ठळक वाढ सापडत नाही. त्यांनी ते तसंच छापलं. या लोकांवर माझा विश्वास आहे तो यासाठी. जिथे दिसलं नाही तिथे दिसलं नाही असं ते म्हणतात.

कारणं मात्र नीट वाचा. आपल्या हवेतला धूर आणि धूळ सूर्याचा काही प्रकाश अडवतात, आणि कालव्या-बोअरचं पाणी वावरातून वाफ होताना हवा थंड करतं. तापमानवाढ थांबलेली नाही, झाकली गेली आहे. धूर कमी व्हायलाच हवा, माणसं त्यानं मरतात. पण तो कमी झाला की झाकण निघेल. भूजलाचंही तेच, ते कायम पुरणारं नाही. मला याची फार काळजी वाटते, कारण 'आपल्याकडे वाढ नाही' या वाक्यावर कुणी निर्धास्त झालं तर शेतात आणि बांधकामावर राबणारा माणूस आधी पडेल.

कोरडा_प्रश्न:
समजलं. सूर्यच जास्त तापत असेल तर? आणि नागपूरला ५६ अंश नोंदले गेल्याची बातमी होती, तिचं काय?

तापमापी:
सूर्य कारण असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तिथे तापमान घटतंय आणि खाली वाढतंय, ही हरितगृह वायूंची खूण आहे. नागपूरचा मे २०२४चा आकडा बिघडलेल्या संवेदकाचा, हवामान खात्यानंच तसं सांगितलं. तो मुलांना देऊ नका.

शाळा_ब्रह्मपुरी:
मनापासून आभार. मुलांकडून काही करून घेता येईल का?

तापमापी:
हो, रात्रीचं किमान तापमान घ्या. दुपारच्या उच्चांकाकडेच सगळ्यांचं लक्ष असतं, पण रात्र निवली नाही तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. ब्रह्मपुरीत हवामान खात्याची वेधशाळा आहे, तिथल्या जुन्या नोंदी मागा. शहर वाढून काँक्रीट झालं की त्यानंही रात्र तापते, म्हणून सोबत एखाद्या मोकळ्या जागेच्या केंद्राचे आकडेही ठेवा. आलेख झाला की इथे नक्की टाका.