हबशांचा वारसा महाराष्ट्राने साजरा करावा का?

खडकीकर (धाग्याची सुरुवात)

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ ते २०२४ हे दशक आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी घोषित केले होते आणि २०२५ पासून दुसरे दशक सुरू झाले आहे. हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिका येते, कॅरिबियन बेटे येतात. छत्रपती संभाजीनगर येत नाही. वास्तविक १६१० मध्ये खडकी या खेड्याच्या जागी हे शहर वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला होता, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला होता, आणि तो दख्खनेत आल्यावर निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले होते. हा चंगेजखानही मूळचा हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आणलेला गुलामच.

अशा माणसाने या कोरड्या प्रदेशात उत्तरेकडच्या डोंगरांतले पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर, खापरी नळांतून शहरात आणले. नहर-ए-अंबरी ती हीच. (पाणचक्कीला पाणी देणारी नहर पुढच्या काळातली आहे, पर्यटकांना सर्रास दोन्ही एकच म्हणून सांगितल्या जातात, याचे मला वाईट वाटते.) महसुलाची इजारेदारी (वसुलीचा मक्ता) मोडून जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत इतकी रुजली की जुन्या मराठी कागदांत ‘मलिकंबरी’ हा शब्दच रूढ झाला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजांचा त्याने पराभव केला, तेव्हा शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते आणि त्यांचे बंधू शरीफजी त्याच रणात पडले. त्याच्यापुढे हतबल झालेल्या जहांगीर बादशहाने अंबरच्या छाटलेल्या मस्तकावर आपण बाण सोडत आहोत असे चित्र काढून घेतले. प्रत्यक्षात अंबर कधीच त्याच्या हाती लागला नाही आणि १६२६ मध्ये वृद्धापकाळी वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. शेजारीच त्याच्या पत्नीची, बीबी करीमाची कबर आहे.

हे कर्तृत्व परक्या माणसाचे म्हणून नव्हे, तर आपल्या इतिहासाचा भाग म्हणून शाळांत, संग्रहालयांत आणि सार्वजनिक समारंभांत उघडपणे साजरे व्हावे, असे माझे मत आहे.

दंडाराजपुरी

अंबराच्या योग्यतेविषयी आपल्याशी माझा वाद नाही. माझा आक्षेप ‘हबशांचा वारसा’ या सरसकट शब्दाला आहे. मी मुरूडच्या बाजूचा. आमच्याकडे या वारशाचे नाव जंजिरा, म्हणजे सिद्द्यांचा (हबशांनाच सिद्दीही म्हणतात) समुद्रातला किल्ला आहे, आणि त्याची आठवण पाण्याच्या नहरीची नाही. सिद्द्यांच्या स्वाऱ्यांत किनाऱ्यावरची गावे लुटली गेली, माणसे धरून नेली गेली. बखरकार सभासदाने सिद्दीला घरातल्या उंदराची उपमा दिली ती या रोजच्या उपद्रवामुळे, आणि महाराजांना जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग बांधावा लागला तोही याच कारणाने. १७२७ मध्ये सिद्दी सात याने चिपळूणजवळचे परशुरामाचे देवस्थान उद्ध्वस्त केले. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी त्याला रणात मारले, तेव्हा कोकणाने सुटकेचा श्वास सोडला.

जे स्वतः किंवा ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आणले गेले, त्यांनीच पुढे इतरांना गुलाम करावे, ही गोष्ट समारंभाच्या भाषणांत कधी येईल असे मला वाटत नाही. साजरे करणे म्हणजे निवड करणे, आणि निवडीत नेहमी आमच्यासारख्यांची बाजू गळते. म्हणून अभ्यास जरूर व्हावा, पण उत्सव नको.

यल्लापूरकर

माझाही विरोध आहे, परंतु कारण निराळे आहे. आपण दोघेही सरदारांविषयी आणि किल्ल्यांविषयी बोलत आहात. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, अंकोला या भागांतील जंगलालगतच्या वस्त्यांत आजही सिद्दी राहतात. पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांपैकी जे निसटून घाट चढले, त्यांचे हे वंशज मानले जातात. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत, आणि त्यांची घरातली बोली कोकणीच्या अंगाने जाणारी, मराठी माणसालाही बरीचशी कळणारी आहे. त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ उजाडले. सिद्दी मुलांमधले खेळाडू घडवण्याची सरकारी क्रीडा योजना १९८७ मध्ये सुरू झाली आणि काही वर्षांतच, अनेक मुलामुलींची तयारी अर्ध्यावर असताना, बंद पडली.

आता उत्सव म्हटले की काय होते हे मी अनेकदा पाहिले आहे. दमाम हे ढोलासारखे वाद्य वाजवणाऱ्यांना व्यासपीठावर बोलावतात, नाचून घेतात, छायाचित्रे काढतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसे परक्याच्या सुपारीबागेत मजुरीला जातात. आपल्याच देशात त्यांना ‘कोणत्या देशातून आलात’ असे विचारले जाते. वनजमिनीचे हक्क आणि शिक्षण यांविषयी एक शब्दही न काढणारा गौरव मला अपमानास्पद वाटतो.

शरणपूर रोड

या चर्चेत नाशिकचा उल्लेख आला नाही, म्हणून लिहीत आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या आरमाराने अरबी गुलामव्यापाऱ्यांच्या गलबतांतून सोडवलेल्या अनेक आफ्रिकी मुलांना नाशिकला, शरणपूरच्या मिशन वसाहतीत ठेवले गेले. तेथे त्यांना लिहिणेवाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकवले गेले. त्यांच्यापैकी नऊजण १८६६ मध्ये आफ्रिकेचा संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या तिकडच्या अखेरच्या सफरीत सामील झाले. नाशिकलाच शिकलेला जेकब वेनराइट नंतर, १८७२ मध्ये, मदत घेऊन जाणाऱ्या तुकडीतून त्याच्याकडे पोहोचला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याच्या सोबत्यांनी त्याचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले, वेनराइटने अंत्यप्रार्थना वाचली, आणि त्यांनी तो देह कित्येक महिन्यांच्या वाटचालीनंतर समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीला हात देणाऱ्यांत वेनराइट होता. मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी वसवलेल्या फ्रिअर टाउनच्या उभारणीतही नाशिकहून परतलेल्या आफ्रिकी लोकांचा मोठा वाटा होता.

दंडाराजपुरी, या मुलांनी कोणाचे गाव लुटले नाही. यल्लापूरकर, हे कोणी सरदारही नव्हते. शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात, परंतु हे नाव शरण आलेल्या माणसांच्या वस्तीवरून आले, हे मलाही वयाच्या चाळिशीनंतर कळले.

खडकीकर

नाशिकची हकीकत मला ठाऊक नव्हती; मनापासून आभार.

दंडाराजपुरी, आपला आक्षेप मी टाळणार नाही. जंजिऱ्याचा जुलूम खरा आहे आणि तो लपवणारा समारंभ मलाही नको. परंतु तो जुलूम एका सत्तेचा होता, रक्ताचा नव्हे. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर होता, तसा तो वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर चालून गेलेला सिद्दी हिलालही होता. मराठा सरदारांनी एकमेकांची गावे जाळली म्हणून आपण मराठ्यांचा वारसा साजरा करणे सोडलेले नाही.

यल्लापूरकरांचे म्हणणे मात्र मला अधिक जिव्हारी लागले, कारण मी ज्याला गौरव म्हणत होतो त्यात जिवंत माणूस नव्हताच. तरीही एक सांगावेसे वाटते. गुजरातमधील जांबूरच्या हिरबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती नृत्यासाठी नव्हे, तर आपल्या सिद्दी समाजातील स्त्रियांना आणि मुलांना उभे करण्याच्या कामासाठी. सन्मान असाही होऊ शकतो.

यल्लापूरकर

हिरबाईंचे उदाहरण मान्य आहे. त्यांनी काम आधी केले, सन्मान मागून आला. हा क्रम उलटा होऊ नये एवढाच माझा आग्रह आहे. खुलताबादला कार्यक्रम ठरलाच, तर आमच्याकडच्या सिद्द्यांना वादक म्हणून बोलावू नका, वक्ते म्हणून बोलवा. त्यांची भाषा कळायला आपल्याला दुभाषा लागणार नाही.

दंडाराजपुरी

रक्त आणि सत्ता यांतला भेद मला पटतो, आणि शरणपूरच्या मुलांसाठी नाशिकला फलक लागणार असेल तर मी स्वतः वर्गणी देईन. जंजिऱ्याच्या बाबतीत माझे मत बदललेले नाही. तेथे काही लिहायचे असेल, तर बुरुजांच्या अजिंक्यपणाबरोबर धरून नेलेल्या माणसांविषयीही त्याच फलकावर, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे लागेल.